सदतीस नंबरच्या फेऱ्या

बारा तास धावण्याच्या आमच्या कार्यक्रमात जितके धावणारे तितकेच मोजणारे लागतात. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे पाचपासून संध्याकाळी पाचपर्यंत बोळिंजच्या आमच्या संकुलामागचा रस्ता गाड्यांना बंद ठेवतात. एक फेरी बरोबर एक किलोमीटरची. कुंपणालगत सरळ जायचं, केळीच्या वाडीला वळसा घालायचा आणि पाण्याच्या टाकीखालून परत यायचं. ज्याला जितक्या जमतील तितक्या फेऱ्या त्यानं घालायच्या. प्रत्येक फेरीमागे ओळखीचे लोक, दुकानदार, नातेवाईक कबूल केलेली रक्कम देतात आणि ज्यांना परवडत नाही अशांचं डायलिसिस त्यातून होतं.

मोजायला यंत्र नाही. पायाला बांधायच्या चिपा भाड्यानं मिळतात, पण त्या भाड्यात एखाद्या रुग्णाचा महिना निघतो, म्हणून आम्ही हातानं मोजतो. प्रत्येक धावणाऱ्याला एक मोजणारा. धावणाऱ्यानं टेबलासमोरून जाताना छातीवरचा नंबर ओरडायचा, मोजणाऱ्यानं तोच नंबर परत ओरडायचा आणि मगच कागदावर रेघ मारायची. उत्तर आलं नाही तर फेरी धरत नाहीत. धावणाऱ्यानं थांबायचं, उत्तर घ्यायचं आणि मग पुढं जायचं. म्हणजे बारा तास दोन माणसं एकमेकांना एकच शब्द म्हणत राहतात.

पाच वर्षं मी सदतीस नंबर मोजला. सदतीस म्हणजे माझी नणंद. ती आता इथं नाही, आणि ती गेली ती मी केलेल्या एका यादीमुळे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. यादी चांगली होती.

ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. विरारच्या एका शाळेत पी.टी.च्या बाई होती. लग्न केलं नव्हतं. करायचं नाही असं काही ठरवलेलं नव्हतं, राहून गेलं. सासूबाई आधीच गेल्या होत्या, मग सासऱ्यांच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा त्यांना वसईला डायलिसिसला न्यावं लागायचं. पहिली पाळी सहाची. पाचला उठायचं, साडेपाचला रिक्षा, त्यांना खुर्चीत बसवून तिथून शाळा, शाळा मधेच सोडून परत आणणं. चार वर्षं तिनं हे केलं. आम्ही दोघं नोकरीला आणि मुलगा लहान, त्यामुळे तिलाच जमण्यासारखं होतं, असं तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं. मीही. डब्यांची, गोळ्यांची, पाणी किती प्यायले त्याची यादी मी ठेवायचे, पण रिक्षात ती बसायची.

सासरे गेले त्यानंतरच्या सोमवारी पहाटे स्वयंपाकघरात दिवा दिसला. ती बुटांच्या नाड्या बांधत होती.

"कुठे निघालीस?"

"पळायला."

"आत्ता?"

"पाचला जाग येतेच वहिनी. करू काय?"

असं ते सुरू झालं. आठवडाभर संकुलाभोवती पळायची आणि रविवारी अर्नाळ्याला समुद्रावर. मी स्कूटर घेऊन मागून जायचे, पाण्याच्या बाटल्या आणि सुका नॅपकिन घेऊन. मी पळत नाही. माझं चालणंही कामापुरतं. पण वाळूवर चटई टाकून बसायला मला आवडायचं. ती किल्ल्याच्या बेटासमोर लहान होत जायची, परत येताना मोठी. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका तिला ओळखायला लागल्या होत्या. त्यांतली एक दर रविवारी हाक मारायची, "काय गो बाय, कोन पाठी लागलाय का तुज्या?"

"कोणी नाही गं," ही न थांबता म्हणायची. "म्हणून तर पळते."

आणि त्या बायका हसायच्या, दर रविवारी, तेवढ्याच.

बारा तासांच्या धावण्यात ती पहिल्या वर्षापासून होती. वडिलांच्या बाजूच्या खुर्चीवरची माणसं तिनं चार वर्षं पाहिली होती. पैसे संपले म्हणून आठवड्याच्या तीन खेपा दोनवर आणणारी माणसं आणि मग अचानक रिकामी झालेली खुर्ची. ती याबद्दल बोलायची नाही. फॉर्म भरायची.

आणि मी मोजायचे. टेबलावर काय काय लागतं ते मला पाठ होतं: दोन पेनं, एक पेन्सिल, कागद उडू नये म्हणून वजनाला वरवंटा, घड्याळ, मीठ-साखरेचं पाणी, उकडलेली रताळी. विसाव्या फेरीपर्यंत मी नुसतं "सदतीस" म्हणायचे. मग ती उगाच वेग वाढवतेय असं वाटलं तर शेवट जरा लांबवायचे, म्हणजे हळू. पन्नाशीनंतर रागावून म्हणायचे, कारण तेव्हा तिला रागावलेलं लागायचं. साठीनंतर मात्र अगदी साधं, जेवायला ये म्हणून हाक मारावी तसं. आम्ही हे कधी ठरवलं नव्हतं. घरी आमचं बोलणं म्हणजे दूध, वीजबिल, मुलाची परीक्षा. त्या एका दिवशी आम्ही एकच शब्द सत्तर वेळा म्हणायचो. वर्षभरात तेवढं दुसरं काही बोललो असू असं मला वाटत नाही.

पाचव्या वर्षी भानगड झाली. एका नवऱ्यानं बायकोच्या कागदावर दोन रेघा जास्त मारल्या, शेजारच्या टेबलावरच्या बाईनं पाहिलं, आणि त्या दोघी एकाच इमारतीतल्या असल्यामुळे लिफ्टमध्ये बोलेनाशा झाल्या. सहाव्या वर्षी समितीनं मला मोजणाऱ्यांची व्यवस्था सांभाळायला दिली. पहिल्याच बैठकीत मी नियम मांडला: आपल्या माणसाच्या फेऱ्या आपण मोजायच्या नाहीत. सगळ्यांनी लगेच माना हलवल्या. मी इतिवृत्तात लिहिलं, सही केली, घराकडे निघाले आणि दूध घ्यायला थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी स्वतःलाच त्या टेबलावरून उठवलं होतं.

घरी सांगितलं तेव्हा ती पोळी खात होती.

"म्हणजे माझा नंबर कोण म्हणणार?"

"बघते कोणीतरी शिस्तीचा माणूस."

"शिस्तीचा नको," ती म्हणाली. "आवाजाचा बघ."

मी शिस्तीचाच बघितला. स्वयंसेवकांच्या फॉर्ममध्ये एका फॉर्मवरचं अक्षर वेगळं दिसलं, सरळ आणि सुटं. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारे एक गृहस्थ, पन्नाशीचे. किती वेळ देऊ शकाल, यापुढं लिहिलं होतं, पूर्ण दिवस. का यावंसं वाटलं, यापुढं एकच शब्द होता: पत्नी. मी सदतीससमोर त्यांचं नाव लिहिलं. फार विचार केला नाही. अक्षर चांगलं होतं.

त्या रविवारी मी रताळ्यांची पाटी घेऊन टेबलांमागून फिरत होते. पहिल्या चार फेऱ्यांत ते गृहस्थ "सदतीस" असं म्हणत होते की बाजूच्यालाही ऐकू जाऊ नये. पाचव्या फेरीला ही थांबली.

"अहो, जरा मोठ्यानं. तुम्ही श्राद्धाला नाही आलात."

मी डोळे मिटले. फॉर्म तिनं पाहिला नव्हता, मी पाहिला होता.

"श्राद्धं तीन झाली," ते म्हणाले. "आता मोठ्यानं म्हणतो."

ही पुढे गेली खरी, पण वळणापर्यंत तिची मान खाली होती. सहाव्या फेरीला तिनं नंबर हळू म्हटला आणि त्यांनी इतक्या मोठ्यानं म्हटला की सगळी टेबलं वळून बघायला लागली. ती हसली. ते हसले नाहीत, त्यांनी रेघ मारली.

दिवसभर माझी कामं होती. कोणी टोपी विसरलं, कोणाच्या पायात गोळा आला, कोणाच्या मोजणाऱ्याला शुगरची गोळी घ्यायची होती. पण माझा एक कान तिकडे होता. दुपारपर्यंत त्या गृहस्थांचं "सदतीस" बदललं. चाळिसाव्या फेरीच्या आसपास ते जरा वर चढून म्हणायला लागले, शेवटी प्रश्न असल्यासारखं. पन्नासनंतर हळू, पण स्पष्ट. माझ्या पद्धतीचं त्यात काहीच नव्हतं आणि तरी ती प्रत्येक वेळी उत्तर घेऊन थोडी सरळ होत होती.

सव्वातीनला ती लंगडत आली. मी मिठाचं पाणी घेऊन धावले. ती त्यांच्या टेबलासमोरच्या कट्ट्यावर बसली. इतक्या वर्षांत ती कधी बसली नव्हती. बसलं की उठवत नाही, हे तिचंच वाक्य.

"काय होतंय? गुडघा?"

"काही नको वहिनी. जरा बसते."

ते गृहस्थ काही विचारत नव्हते. खुर्ची सोडायची नाही हा माझाच नियम, तो पाळून ते पेन हातात धरून नुसते तिच्याकडे बघत होते. मिनिटभरानं ती उठली, नंबर म्हणाली, त्यांनी तो परत म्हटला आणि ती गेली. मी ग्लास हातात घेऊन उभी राहिले.

एकाहत्तर फेऱ्या झाल्या. संध्याकाळी त्यांनी मला कागद दिला. प्रत्येक रेघेखाली वेळ लिहिलेली, समासात ती पाणी कधी प्यायली त्याची खूण, आणि सव्वातीनसमोर लहान अक्षरात "बसल्या, १ मि." माझ्या पाच वर्षांच्या कागदांपेक्षा तो कागद नीट होता. मला तो आवडला, आणि मला तो अजिबात आवडला नाही.

फेब्रुवारीत ते एका रविवारी अर्नाळ्याला आले. कागदावर एक वेळ चुकली होती असं त्यांना आठवलं म्हणे, तेवढं सांगायला नायगावहून. पुढच्या रविवारी काही न चुकताच आले. ते पळायचे नाहीत, वाळूवर माझ्यापासून हातभर लांब बसायचे आणि बायकोबद्दल थोडं थोडं सांगायचे. ती आमच्या सासऱ्यांच्याच केंद्रात यायची, पण दुपारच्या पाळीला. बोंबीलवाल्या बाईनं तिसऱ्या रविवारी हात कमरेवर ठेवून पाहिलं.

"लागला गो बाय, आता लागला कोन तरी पाठी."

"ते बसलेत मावशी," ही म्हणाली. "पळतेय मी."

"मंग थांब की जरा. येल त्यो."

ही लाल झाली. मी बाटल्या मोजायला लागले. दोनच होत्या.

मार्चच्या शेवटी, शनिवारी दुपारी, मी वाल सोलत बसले होते. ती समोर येऊन बसली आणि सोलायला लागली. ती वाल सोलायला आपणहून कधी बसत नाही.

"त्यांची बदली झाली. चंद्रपूर. जूनपासून."

"बरं."

"मला विचारलंय त्यांनी."

"काय विचारलंय?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"वहिनी, आता सोंग करू नकोस. लग्नाचं विचारलंय."

"दादाला सांगितलंस?"

"दादा म्हणाला, वहिनीला विचार. त्याला नळाला पाणी कधी येतं तेही तुलाच विचारावं लागतं." तिनं दोन-तीन वाल सालीसकट भांड्यात टाकले. "तू यादी कर. तुझ्या पद्धतीनं. जावं आणि राहावं. मी वाचते आणि ठरवते. मला नुसता विचार करून काही सुचत नाहीये."

मी दोन दिवस घेतले. वहीच्या मागच्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं: माणूस शिस्तीचा आहे. कमी बोलतो, ऐकतो. व्यसन नाही. त्यांची मुलगी बंगळूरला आहे, तिची हरकत नाही. हे शेवटचं मी स्वतः तिला फोन करून विचारलं होतं. दुसऱ्या बाजूला लिहिलं: नोकरी सोडावी लागेल. तिथला उन्हाळा. गुडघा, आणि गुडघ्याचे डॉक्टर इथे. दोन महिन्यांची ओळख. समुद्र नाही. एकूण दोन्ही बाजूंना पाच-सहा ओळी झाल्या. उजवीकडे खाली जागा उरली होती. तिथं मी पेन टेकवलं आणि काही लिहिलं नाही. शाईचा ठिपका पडला तेवढा.

तिनं फ्रिजला टेकून उभ्यानं वाचलं.

"समुद्र नाही, हेही घातलंस?"

"तुला लागतो."

"लागतो," ती म्हणाली. मग पान उलटून मागं काही आहे का पाहिलं. "आणि तू?"

"मी काय?"

"यात तू कुठेच नाहीस."

कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. मी गॅसकडे बघत राहिले. मला अगदी नक्की माहीत होतं, मी एक शब्द बोलले असते तर ती राहिली असती. वडिलांसाठी चार वर्षं ती कोणी न सांगता राहिली होती. माझ्यासाठीही राहिली असती, आणि कारण विचारलं तर गुडघा सांगितला असता. तो शब्द काही मोठा नव्हता. तू गेलीस तर मला करमणार नाही, इतकंच. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला कोणी पहिल्यांदा विचारलं होतं आणि मी तिला माझं करमणं सांगायचं?

"माझा प्रश्नच नाही," मी म्हटलं. "यादी तुझी आहे."

पोट दुखतंय असं सांगून पी.टी. चुकवणाऱ्या मुलीकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "मग जाते."

मे महिन्यात वसईला नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. घरची चौदा माणसं. सामानाची यादी मी केली, दोन पानांची. सुके बोंबील तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत, त्यावर जाड कागद, त्यावर पुन्हा पिशवी. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, जुन्या बाजारातली, केळीच्या सोपट्यात बांधलेली. बुटांचे दोन जोड. तिनं गाडीत बसताना विचारलं, "काही राहिलं का?" आणि मी यादी उघडून पाहिली आणि म्हटलं, "नाही." माझा नवरा रडला. मी निघायच्या वेळा पुन्हा एकदा सांगितल्या.

त्यानंतरचे पहिले दोन महिने मी कामं काढली. माळे आवरले, पडदे धुतले, तिच्या खोलीत मुलाचं टेबल हलवलं. काम केलं की बरं वाटतं असा माझा अनुभव आहे आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. पण पाचला मला जाग यायला लागली. मला कधीच यायची नाही, तिच्या नाड्या बांधण्याच्या आवाजानं सुद्धा यायची नाही. आता मी उठून बसते आणि घरात आवाज नसतो. चहा ठेवते. दूध एक पिशवी कमी घ्यायचं हे मी पहिल्याच दिवशी दूधवाल्याला सांगितलं होतं, त्यामुळे तसा काही गोंधळ झाला नाही.

रविवारी एकदा मी एकटीच अर्नाळ्याला गेले. ती बोंबीलवाली म्हणाली, "पलनारी कुटं गेली गो?" मी म्हटलं, लग्न झालं, चंद्रपूरला गेली. तिनं विचारलं, तिकडं दर्या हाय का? मी नाही म्हटलं. ती च्च् करून कामाला लागली. मी चटई अंथरली नाही, उभ्याउभ्यानंच परत आले.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा धावणं झालं. जुन्या धावणाऱ्यांचे नंबर तेच राहतात, सुटलेले नंबर आम्ही नावनोंदणीच्या क्रमानं देतो, त्यात मी कधी ढवळाढवळ करत नाही. सदतीस एका कॉलेजच्या मुलीला आला. तिचे मोजणारे एक निवृत्त मास्तर होते, आवाज खणखणीत. मुलगी चांगली पळाली. अठ्ठावन्न फेऱ्या. अठ्ठावन्नदा मी वळून पाहिलं. मला ठाऊक होतं कोण दिसणार आहे, तरी मान वळायची ती वळायचीच. दुपारी त्या मास्तरांना पाच मिनिटं उठायचं होतं, त्यांनी मला बसायला सांगितलं. मी दुसऱ्या एकाला बसवलं. त्यांना वाटलं असेल मला काम आहे. होतंच.

आपल्या माणसानं मोजू नये हा नियम अजून आहे. भानगडी बंद झाल्या. यंदा तो काढावा का असा विषय कोणीतरी काढला होता, तेव्हा मीच म्हटलं, राहू दे, चांगला चाललाय. चांगलाच चाललाय.

ती तिथं पळते. त्यांच्या वसाहतीत आतल्या आत एक गोल रस्ता आहे, साधारण पाऊण किलोमीटरचा. ऊन व्हायच्या आत म्हणून पहाटेच. रविवारी ती कानात ते बटणासारखं लावून मला फोन करते आणि पळता पळता बोलते. तिथल्या भाजीचे भाव, नव्या शाळेत दोन दिवस मिळालेलं काम, ते जवळच्या डायलिसिस केंद्रातल्या रुग्णांसाठी काही करायचं म्हणताहेत वगैरे. चढ आला की गप्प होते, मग मी बोलते. इथं पाणी एक दिवसाआड येतं, मुलगा रात्री उशिरा जेवतो, दादाचं बीपी. मी आधी मुद्दे लिहून ठेवते, नाहीतर आयत्या वेळी मला आठवत नाही आणि फोन लवकर संपतो.

गेल्या रविवारी माझे मुद्दे संपले होते. ती चढावर होती. मी नुसतं तिचा श्वास आणि बुटांचा आवाज ऐकत ओट्यापाशी उभी होते. तिकडे कुठलेतरी पक्षी ओरडत होते, आमच्याकडे नसतात असे. श्वास जरा जास्त जोरात वाटत होता, तिनं वेग उगाच वाढवला होता. आणि मग ती म्हणाली, मला नव्हे, समोर कोणाला तरी, "सदतीस."

माझ्या तोंडात आलं होतं. शेवट लांबवून, हळू.

लांबून, बहुतेक फाटकापाशी खुर्ची टाकून बसले असतील, त्यांचा आवाज आला. त्यांनी म्हटलं. तिनं ऐकलं, आणि बुटांचा आवाज पुढे गेला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "वहिनी, आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. "पळ तू."